चंपालालजींची पंगत

चोपड्याच्या बाजारात भांडं घ्यावं तर सूरजबाईंच्या दुकानात, आणि त्यावर नाव घालून घ्यावं तर त्याच दुकानाच्या पायरीवर बसलेल्या हाशमभाईंकडून, ही जुनी वहिवाट. लग्नसराईत पायरीवर पाय ठेवायला जागा नसायची. नवरीची आई पातेलं वाजवून बघायची, मामा हंडा हातात तोलून बघायचा, आणि मग सगळं गणगोत हाशमभाईंभोवती कोंडाळं करून बसायचं. हातातलं मशीन किर्रर्र करत चाललं की मुंग्यांची रांग निघावी तशी स्टीलवर अक्षरं निघायची. 'मामाकडून भाचीस सप्रेम भेट.' ते वाचून आधी मामाच डोळे पुसायचा. "बिननावाचं भांडं शेजारी गेलं की शेजारीणच त्याची आई," असं सूरजबाई गिऱ्हाइकाला हसत सांगायच्या, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने नाव घालून घ्यायचं.

अख्ख्या तालुक्याची नावं त्यांच्या नजरेखालून गेली, पण एक नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. नवऱ्याचं. राजस्थानातून कधीकाळी इकडे आलेल्या त्यांच्या जैन घराण्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. कुणी विचारलं, "बाई, शेठजींचं नाव काय हो?" की त्या दुकानावरच्या पाटीकडे बोट करायच्या. एकदा कचेरीत साहेबाने विचारलं तेव्हा त्यांनी त्यालाही सांगितलं, "आमच्या दुकानाची पाटी बघून या ना." साहेब हसला, रांगेतल्या मागच्या बाईने नाव सांगून टाकलं आणि काम झालं. घरी हे कळलं तेव्हा चंपालालजी गल्ल्यावर मांडी थोपटत हसले होते. "अगं, एकदा तरी घे नाव. मी काय उडून जाणार आहे?"

मागच्या श्रावणात ते उडून गेले. दुकानातच, ताटांची चवड लावता लावता खाली टेकले ते टेकलेच.

वर्ष भरत आलं तेव्हा सूरजबाईंच्या मनाने एक घेतलं. ह्यांच्या नावाने भांडी द्यायची. जे नाव आपल्या तोंडाने कधी म्हटलं नाही, ते जेवणाऱ्याच्या ताटात असावं, घास उचलताना त्याच्यावर कुणाची तरी नजर पडावी. मागणं एवढंसंच होतं, पण त्या बाईने आयुष्यात दुसरं काही इतक्या ओढीने मागितलं नव्हतं.

आणि यंदाच्या श्रावणात सातपुड्यात पाऊस ठाण मांडून बसला. खैरमाळ पाड्यावरचा डोंगर सुटला. बैलाने मानेवरचं जू टाकावं तसं त्याने अंगावरचं सगळं रान टाकून दिलं. साग, बांबू, मक्याची शेतं, कुडाची घरं, दावणीची जनावरं, सगळं चिखलाच्या एका लोंढ्यात नाल्यात जाऊन बसलं. आदल्या संध्याकाळी नाल्याचं पाणी लाल झालं होतं. ते बघून रेलीबाई नावाच्या म्हातारीने घरोघर ओरडत जाऊन माणसं समोरच्या टेकाडावर काढली, म्हणून पाडा वाचला. जे जनावरं सोडायला मागे फिरले, ते मात्र आले नाहीत. त्यांत रेलीबाईचा मुलगा होता, आणि त्याला बोलवायला गेलेली सूनही होती.

वाचलेली माणसं पायथ्याच्या आश्रमशाळेत उतरली. तिथला अधीक्षक भूषण एक दिवस चिखलाने भरलेल्या मोटारसायकलवरून बाजारात आला आणि सूरजबाईंच्या पायरीवर मटकन बसला.

"लोकांनी मन मोठं केलंय, बाई, पण सगळे केळीच पाठवताहेत हो! सकाळी केळी, दुपारी केळी. आता पोरं टेम्पोचा आवाज आला तरी पळतात."

"खान्देशात आभाळ जरी फाटलं ना मास्तर," हाशमभाई मशीन थांबवून म्हणाले, "तरी ठिगळ केळीच्या पानाचंच लागणार."

"आणि साड्या आल्यात. जरीच्या. ते नेसून बाया लाकडं तोडायला जाणार का? काल एकीने विचारलं, मास्तर, यांच्याकडे आमचं लग्न ठरलंय का?" भूषण स्वतःच हसला आणि मग त्याचं हसू पुसलं गेलं. "धान्य आहे, बाई. सरकारचंही आलंय. पण शिजवायचं कशात? सगळ्यांत मिळून शाळेचं एक मोठं पातेलं. बायांना आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, मला चार दिवसांनी कळलं. त्याचं मी बघतोय, पत्रे मिळालेत. भांड्यांचं कुणी बघेल का?"

सूरजबाईंनी मागे वळून पाहिलं. फळीवर पातेली होती, ताटं होती, वाट्या, तांबे, कळशा. पुढच्या लग्नसराईसाठी भरून ठेवलेला सगळा माल त्यांच्याकडे बघत होता.

"रूपल," त्यांनी सुनेला हाक मारली, "सगळं खाली काढ."

"सगळं, मम्मीजी?"

"फळी धुवायला बरी पडेल."

हाशमभाईंनी मशीनची सुई बदलली. "काय घालू, भाभी?"

सूरजबाईंनी वर पाटीकडे बोट केलं. हाशमभाईंना ते ठाऊकच होतं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा थांबले. "पुढे 'कै.' लावायचं ना?"

"लावायला लागेलच."

"शेठबरोबर मी या पायरीवर पत्ते खेळलोय, भाभी. ते एवढंसं अक्षर घालताना हात अडतो."

पण त्यांनी घातलं. दुकान बंद होईपर्यंत किर्रर्र चालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक ताटाच्या कडेवर, प्रत्येक तांब्याच्या गळ्याखाली उमटत गेलं: 'कै. चंपालालजी यांच्या स्मरणार्थ.' सूरजबाई प्रत्येक भांडं पदराने पुसून ठेवत होत्या, आणि पुसताना ओठ हलवून बघत होत्या. शब्द काही बाहेर येत नव्हता.

भांडी पोचवायला त्या स्वतः टेम्पोत बसून गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात पाड्यातल्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी हात पुढे केला नाही, कुणी झुंबड केली नाही. एकेक घर उठलं, आपला वाटा घेतला, कपाळाला लावला, आणि आत नेला. सगळं गमावलेल्या माणसांची अशी शिस्त सूरजबाईंनी लग्नाच्या मांडवातही पाहिली नव्हती. रेलीबाई शेवटी आली. उन्हापावसाने सागाच्या सालीसारखी झालेली बाई. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हाई काय लिखेल शे, माय?" पाड्याची बोली वेगळी, पण बाजाराला येणाऱ्या बाया सपाटीवरच्यांशी खान्देशीतच बोलतात.

"नाव आहे. आमच्या ह्यांचं."

"चांगलं शे," म्हातारी म्हणाली आणि ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून आत गेली.

सूरजबाई घरी आल्या त्या हलक्या होऊन आल्या. त्या संध्याकाळी त्यांनी रूपलला सांगितलं, "आज ह्यांचं नाव डोंगरापर्यंत गेलं बघ."

पुढच्या बाजाराच्या दिवशी समोरचे कापडवाले बन्सीलाल दुकानात आले. त्यांना एक वाईट बातमी कळली होती, आणि ती सांगण्याची त्यांना घाई होती.

"भाभी, तुमची भांडी म्हणे तशीच पडलीत. एकानेही हात लावला नाही. आमचा माणूस ताडपत्री द्यायला गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं. पानांवर जेवतात. भांडी एका कोपऱ्यात रचून ठेवलीत. मी सांगतो ना, चार दिवसांनी विकून मोकळे होतील! या लोकांना चांगल्या वस्तूची किंमत नसते."

"तुम्हाला कशी कळली किंमत?" हाशमभाई पायरीवरून म्हणाले. "घरात अजून लग्नातला डबाच वापरता, झाकण दोरीने बांधून."

बन्सीलाल तणतणत निघून गेले. पण सूरजबाईंना ते लागलं. भांडी पडून राहिल्याचं दुःख नव्हतं. दुकानात भांडी वर्षानुवर्षं पडून असतातच. ते नाव कोपऱ्यात पडलं होतं. ह्यांना कुणी नको म्हटलं होतं. दुपारचं जेवण त्यांना गेलं नाही. ताट बाजूला सारून त्या उठल्या.

"हाशमभाई, चला. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

जीप पायथ्याला पोचली तेव्हा पाऊस उघडला होता आणि डोंगराच्या कुशीतली ती तांबडी जखम लांबूनच दिसत होती. काय बोलायचं ते सूरजबाईंनी वाटेत घोकून ठेवलं होतं. नको होतं तर तेव्हाच सांगायचं. घेतलं कशाला? कपाळाला लावलं कशाला?

शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये शाळेचं ते मोठं पातेलं चुलीवर होतं आणि पुढे बायांची रांग होती. रांगेत एक पोरसवदा बाई भिंत धरून उभी होती, पदराखाली तान्हं. भूषणने धावत येऊन सांगितलं, ती झुनकी. इथे आल्यावर बाळंत झाली. तिला उकळलेलं पाणी लागतं, पण आधी डाळ, मग भात, मग पाणी, अशी पाळी असते. "मी म्हणालो, तुला पहिली पाळी देतो. तर म्हणते, लेकरं भुकेली शेतस, मी थांबस."

"मग माझ्या पातेल्यांना काय झालं?" सूरजबाईंचा आवाज चढला. "पाणी तापवायलाही वाईट आहेत का ती?"

भूषणने शेडच्या पलीकडे बोट दाखवलं.

तिथे उंबराचं झाड होतं. झाडाखालची जमीन शेणाने सारवलेली. त्या सारवणावर सूरजबाईंची भांडी होती. रचलेली नव्हती, टाकलेली तर नव्हतीच. घराघराप्रमाणे वेगळी मांडलेली, पालथी, घासून लख्ख केलेली, वरून पावसाला आडोसा म्हणून जरीची एक साडी काठ्यांवर ताणून बांधलेली. आणि मधोमध मोठ्या परातीपुढे सागाच्या पानावर मक्याच्या भाकरीचे चतकोर, थोडी डाळ, आणि सोललेलं एक केळं.

"उनी का माय? बस," रेलीबाईने हातातला झाडू ठेवला. "हाई तुना धनीनी पंगत शे."

सूरजबाईंचे घोकलेले शब्द कुठल्या कुठे गेले. "कसली पंगत?"

"शाळानी पोरेसनी वाची दिनं ना. हाऊ सेठ मरी गया, असं लिखेल शे म्हणे. आमना पाडामा मरेल माणूसना भांडामा जित्ता माणूस जेवत नई. ते त्यानंच ऱ्हास. त्याना नावना दगडना जवळ ठेवतस, तठेच त्याले जेवाडतस." म्हातारीने पदराने परातीवरचा थेंब टिपला. "तू तुना धनी आमनाकडे धाडी दिना ना. पाहुना शे. त्याले उपाशी कसं ठेवानं?"

"रोज वाढता?"

"रोज. आमनं शिजनं का पयला घास त्याना. मास्तरनी सांगं, तुमना लोके कांदा खातस नई, लसून खातस नई, दिन बुडावर जेवतस नई. म्हणीसन कांदा टाकाना पयले त्याना वाटा काढी लेतस. अन् दिन बुडाना पयले वाढतस."

हाशमभाईंनी तोंड वळवलं आणि गळ्यातल्या रुमालाने नाक शिंकरलं. पातेल्यापुढच्या रांगेत उभी राहणारी माणसं! दुपारचं संध्याकाळी जेवणारी! आणि त्यांनी कुठल्या परक्या शेठचा पथ्याचा वाटा आधी काढून ठेवला होता, वेळ पाळून, कांदा वगळून. सूरजबाई सारवलेल्या जमिनीच्या कडेला हळूच खाली बसल्या. घरी त्यांनी ह्यांच्या फोटोला हार घातला होता, उदबत्ती लावली होती. जेवायला कुणी वाढलं नव्हतं.

"आणि ही बाकीची पानं कुणाची?" त्यांनी विचारलं. परातीच्या दोन्ही बाजूंना लहान लहान पानं होती, प्रत्येकावर एकच घास.

"आमना मरेलसनी," रेलीबाई म्हणाली. आवाज तिने तसाच ठेवला, सरळ. "मना पोऱ्या. मनी वहू. नथ्थूनी बायको. त्यासनं भांडं बठ्ठं डोंगरखाले गयं. त्यासले कशामा जेवाडू? मंग मी म्हनं, हाऊ सेठ शे. सेठनी पंगत मोठी ऱ्हास. तो काही नई म्हनाव नई. म्हणीसन त्यासले बी आठेच बसाडं. म्हनाव नई ना?"

"नाही," सूरजबाई कशाबशा म्हणाल्या. "ह्यांना लोक जेवायला आलेले फार आवडायचे."

पाठीमागे रांग तशीच होती. झुनकीचं बाळ रडत होतं. सूरजबाईंनी त्या रांगेकडे पाहिलं, परातीवरच्या नावाकडे पाहिलं, पुन्हा रांगेकडे. मग पदर कमरेला खोचला.

"हाशमभाई, हे नाव पुसता येतं का?"

हाशमभाई दचकले. "भाभी?"

"येतं का, ते सांगा."

"चाकावर घासलं तर जाईल. ताट जरा खरवडल्यासारखं दिसेल." ते अडखळले. "नाहीतर असं करू, नुसतं 'कै.' काढून टाकू. शेठ जिवंत होतील. यांचंही काम होईल, आपलंही."

"मरेल माणूसले जित्ता लिखशी?" रेलीबाई चिडून म्हणाली. "त्याले लाज वाटी, बाबा!"

"सगळंच पुसा," सूरजबाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांनी परातीची कड धरली होती. "नाव काय, नाव... पोरं जेवायला हवीत. आणा चाक."

रेलीबाई एकदम परातीच्या आड येऊन उभी राहिली. "नाव पुसं तं आमना मरेल कोना पंगतमा बसतीन? नई. पुसू नको. तू घरधनीन शे ना त्यानी? मंग तू सोडाव. घरधनीननी सोडं का भांडं सुटस. एक परात त्याले ऱ्हाऊ दे. बाकीनं जित्ता माणूसले दी दे."

"कसं सोडायचं?"

"सोपं शे. ज्यानं भांडं त्यानं नाव लेवानं, अन् पयला घास तू खावाना. मंग त्याले कळस, मनी बायकोनी बठ्ठासले दिनं. तो मंग काही बोलत नई."

सोपं! हाशमभाईंनी सूरजबाईंकडे पाहिलं आणि चटकन पायाखाली पाहिलं. चातुर्मास चालू होता. परक्या चुलीवरचं त्या वर्षभरही खात नव्हत्या. आणि नाव तर घेतलंच नव्हतं, ह्यांच्या जिवंतपणी नाही, ह्यांच्या चितेपुढे नाही.

"मी घेऊ का त्यांच्या वतीने?" भूषणने भीत भीत विचारलं.

"तू काय त्यानी बायको शे?" रेलीबाई म्हणाली, आणि रांगेतल्या बाया इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

सूरजबाई उठल्या, एक पातेलं उचललं, रेलीबाईच्या हातात दिलं. "चूल पेटव. कांदा नको घालूस."

तीन दगड मांडले गेले. कोरं पातेलं, कोरी डाळ, पाण्याला हंडा. उकळी फुटेपर्यंत सगळा पाडा येऊन भोवती बसला. रेलीबाईने नव्या ताटात भाकर आणि डाळ वाढली आणि ताट पुढे केलं. ताटाच्या कडेवर ते नाव होतं. सूरजबाईंनी ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

"माय, नाव मोठं शे का?" कुणी बाईने आपुलकीने विचारलं. "तोंडमा मावत नई का?"

पुन्हा हशा झाला. सूरजबाईंनाही हसू आलं. दुकानात आलेल्या कितीतरी नव्या नवऱ्या भांड्यांच्या ढिगापुढे उभ्या राहून लाजत नाव घ्यायच्या, ते त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. विधवेने असं नाव घ्यायचं नसतं, हेही ऐकलं होतं. पण समोर डाळ वाफाळत होती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं,

"सातपुड्याच्या कुशीमधे उंबराची सावली,
चंपालालजींची पंगत माझ्या पाड्याला पावली."

'माझ्या' हा शब्द कसा आला त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हाशमभाई "वाह!" म्हणून ओरडले आणि लगेच रडायला लागले. सूरजबाईंनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला आणि खाल्ला. मका चरचरीत भाजलेला होता, डाळीत मीठ आणि मिरची. बस्स. त्यांना एवढं गोड काही आठवेना.

"सुटनं!" रेलीबाईने ताट उंच धरून सगळ्यांना दाखवलं. मग शेजारच्या घराकडे वळून म्हणाली, "तुमनी चूल कव्हय पेटी? दिन बुडीसन माय उपाशी ऱ्हाई मंग?"

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी! प्रत्येक घराचं भांडं वेगळं सोडवायचं होतं, आणि सूर्य सागाच्या शेंड्याशी टेकत चालला होता. आपली पाळी आली नाही तर आपलं भांडं अडकेल, याची कुणाला फिकीर नव्हती. फिकीर होती ती या बाईचं दिवस बुडायच्या आत जेवण होण्याची. ज्यांची चूल लवकर पेटली त्यांनी जळतं लाकूड पुढच्या घरी पोचवलं. बापे पाण्याला धावले. एकीने आपलं सुकं सरपण दुसरीला दिलं, जे तिने पावसात स्वतः भिजून कोरडं राखलं होतं. शाळेमागचं पटांगण धुराने भरून गेलं, जणू उधळलेला पाडा तेवढ्या वेळात पुन्हा तिथे वसला.

सूरजबाई या चुलीवरून त्या चुलीवर जात होत्या. एक घास, एक नाव. बाया काही त्यांना साध्या नावावर सोडत नव्हत्या. "आखो सांग! नवीन सांग!"

"भज्याचा घमघमाट, तोंडात मात्र विलायची,
चंपालालजींची चोरी मला पहिल्यापासून कळायची."

"म्हणजे कांदा खात व्हता!" रेलीबाई कमरेवर हात ठेवून ओरडली. "अन् आम्ही त्याले बिगर कांदानं वाढी ऱ्हायनूत! बिचारा!"

"स्टँडवरची कांदाभजी," हाशमभाईंनी कबुली दिली. "मीच आणून द्यायचो. भाभी, आता पत्त्यांचंही सांगून टाका."

"राजा दडवला बाहीत, राणी दडवली खिशात,
हरले तरी चंपालालजी हसायचे मिशीत."

नथ्थूच्या चुलीपाशी मात्र कुणी उखाणा मागितला नाही. त्याने एकट्यानेच चूल मांडली होती. भाकर जाडीभरडी झाली होती, एका बाजूने करपलेली. "मनी बायको करे," तो ओशाळून म्हणाला. सूरजबाईंनी त्याच्यासमोर मांडी घातली, साधं नाव घेतलं, आणि करपलेल्या बाजूचा तुकडा मोडून खाल्ला. मग म्हणाल्या, "तुझ्या बायकोचं नाव काय, भाऊ?"

त्याने सांगितलं. खाली बघत, पुटपुटत सांगितलं. तिचं नाव बुदी होतं. सूरजबाईंनी तेही उच्चारलं, आणि दुसरा घास खाल्ला. नथ्थूने ताट जवळ ओढून घेतलं आणि जेवायला लागला.

ऊन पत्र्यांवरून उतरलं तेव्हा एकच चूल उरली होती. झुनकीची. तिच्याकडे शिजवायला कुणी नव्हतं, ती नुसतं पाणी ठेवून बसली होती. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरले होते. सूरजबाई तिच्याजवळ आल्या तेव्हा त्यांच्या पोटात तीळ मावेल एवढीही जागा नव्हती.

"मनाकडे खावाले काही नई, माय," झुनकी घाबरून म्हणाली. "पानीच शे. चाली का?"

"चालेल का म्हणतेस? चातुर्मासात मी उकळलेल्या पाण्यालाच तोंड लावते, पोरी. आज दिवसभर तेच मिळालं नव्हतं."

पाण्याला खळखळून उकळी आली. सूर्याची कड सागाआड जाऊ लागली. हाशमभाईंनी वाटीत पाणी ओतून दिलं. सूरजबाईंनी फुंकर मारली, घोट घेतला, आणि मुलगी बापाचं नाव सांगते तितक्या सहज म्हणाल्या, "चंपालाल."

मग पातेलं पदराने धरून झुनकीपुढे सरकवलं. "घे. बाळाला न्हाऊ घाल आधी, मग तू पी. कुणी पाळी विचारणार नाही आता."